आगीची वर्दी

जिल्हा नवा होता, दुष्काळ जुनाच. जिल्ह्याची एकमेव अग्निशामक गाडी औशापलीकडच्या वस्तीवर पोहोचली, तेव्हा मूठभर तुराट्या धुमसत होत्या आणि भोवती बायका रिकाम्या घागरी घेऊन उभ्या होत्या.

“आग कुठे आहे?” अधिकारी शेषेराव ओरडले.

“ही काय, साहेब. लई उशीर केलाव, विझत आली,” केवळाबाई म्हणाली.

“तुम्हीच लावलीत ना? अहो, इतक्यात खरंच कुणाचं घर पेटलं तर? पाणी हवं असेल तर टँकर मागा!”

“मागून दोन म्हैने झाले, कुणी फिरकलं न्हाई. आग लागली म्हणून सांगितलं, तर तुमी तासाभरात आलाव.”

शेषेरावांनी कपाळावर हात मारला. मग चालकाकडे वळून वैतागलेल्या स्वरात म्हणाले, “पाइप काढा. आग मोठी आहे, सगळं पाणी लागेल.”