काळी खिडकी

बाबांचा हात हलत नव्हता.

लॅपटॉपवर चित्र अगदी स्वच्छ होतं. जहाजाचं बूड, त्याला चिकटलेले शिंपले आणि खरवडायची पट्टी धरलेला बाबांचा हात. बाबा धक्क्याखाली पाण्यात होते. त्यांच्या डोक्यावरच्या कॅमेऱ्याची केबल वर पोराच्या लॅपटॉपला जोडलेली. गढूळ पाण्यातलं चित्र उजळ करणारा प्रोग्राम पोरानं स्वतः लिहिला होता. शिकवणारं कुणी नव्हतं, चुकत चुकत जमवला.

"काका, बाबा थांबलेत."

"दमला असेल. वय झालंय की त्याचं." काका डबा उघडून बसला होता.

"इतका वेळ?"

"अरे इंजिनियर, चित्र दिसतंय ना समोर? मग कशाला माझा जीव खातोस?"

हे चित्र आल्यापासून काका निवांत झाला होता. पूर्वी बाबांच्या कमरेचा दोर हातात धरून बसायचा, खालून झटका आला की ओढायचा. आता दोर कठड्याला बांधून मोकळा. बुडबुडे जहाजाच्या पलीकडे निघायचे, इथून दिसायचे नाहीत.

ओढावं का? मागे एकदा उगाच ओढलं, तर शिंपल्यांवर घासून बाबांची पाठ सोलून निघाली होती. किती दिवस ते पोराशी धड बोलले नव्हते.

त्यानं पुन्हा पडद्याकडे पाहिलं. हाताशेजारी शेवाळाचा एक धागा लोंबत होता. पाण्यात लोंबणारा धागा. तोही हलत नव्हता.

पोरानं लॅपटॉप जवळ ओढला.

प्रोग्रामला चित्रापासून वेगळी अशी एक काळी खिडकी होती. आत काय चाललंय ते ओळीओळीनं सांगणारी. बाबांनीच ती नको म्हटलं होतं. "काढ रे ते काळं खोकं. जहाजवाले विचारतात, काय बिघडलंय म्हणून." त्यानं ती काढली नव्हती. नुसती लपवली होती.

त्यानं बटण दाबलं.

केबल सुटली. जुनं चित्र दाखवतोय.
केबल सुटली. जुनं चित्र दाखवतोय.
केबल सुटली. जुनं चित्र दाखवतोय.

ओळी भराभर वर सरकत होत्या. संपतच नव्हत्या. चित्र मधेच गुल होऊन वाईट दिसू नये, म्हणून ही सोय त्यानंच केली होती.

"काका, ओढ!"

"अरे, पण तो दिसतोय की..."

"हे आत्ताचं नाहीये! ओढ!"

डबा उलटला. दोघं दोराला लटकले. दोर ताठ झाला, पण जागचा हलेना. पुन्हा जोर लावला. खाली काहीतरी फाटल्यासारखं झालं आणि भार वर यायला लागला.

बाबा आले. पायाला जुन्या जाळ्याचा गुंता, त्यातच अडकलेली तुटकी केबल. हवेच्या सिलिंडरचा काटा शून्यावर. ओठ निळे. दोघांनी त्यांना धक्क्यावर आडवं केलं, मास्क ओढून काढला. कितीतरी वेळ नुसती घरघर. काका तोंडावर हात ठेवून उभा राहिला.

मग बाबांनी चाचपडत पोराचं मनगट धरलं.

"कॅमेऱ्यासमोर हात हलवत होतो," ते म्हणाले. "म्हटलं, तू बघतोयस. म्हणून घाबरलो नाही बघ मी."