पाळीवरचा देव

अठ्ठ्याहत्तर साली आयर्लंडची एक बाई चर्चमधल्या जुन्या नोंदीची नक्कल घेऊन आमच्या तलावावर आली. तलाव बांधणाऱ्या तिच्या आजोबांना तलावाच्या पाळीवरच, म्हणजे बांधावरच, पुरल्याचे त्यात लिहिले होते. ती त्यांची हाडे मायदेशी नेणार, असे तिचे इंग्रजी समजावणाऱ्या शाळेतल्या गुरुजींनी सांगताच मी शेंदूर लावलेल्या दगडापुढे आडवा उभा राहिलो.

“इथं साहेबाची कबर नाही जी. हे आमच्या देवाचं ठाणं होय.”

तेवढ्यात माझी बायको रुखमा आली. तिने नेहमीसारखा दगडावर पेटता चिरूट ठेवला. “घे साहेबबाबा, पाळ सांभाळजो.”

‘साहेब’ हा शब्द बाईलाही कळला. बाई बराच वेळ चिरुटाकडे पाहत राहिली. मग नक्कल घडी घालून पर्समध्ये ठेवत काहीतरी बोलली.

गुरुजी म्हणाले, “आजोबा काही भेटले नाहीत म्हणते. पण तुमच्या देवाचा चिरूट विझून राहिला, पेटवू काय, विचारते.”