शंकरप्पांचा चाकू

जुन्या खटक्याच्या चाकूचं वय कसं ओळखायचं, हे मी जुळे सोलापुरातल्या आमच्या कॉलनीतल्या मुलांना शिकवत होतो. चंद्रिकाने तिच्या वारलेल्या आजोबांचा, शंकरप्पांचा चाकू आणला होता. सोबत तिची आजी हेमावतीही होती.

"सर, पातं अडकवणारा खटका मुठीच्या पाठीवर मधोमध आहे, टोकाला नाही. ही बनावट बरीच नंतरची. तेव्हा आजोबा हयात नव्हतेच की," चंद्रिका म्हणाली.

उत्तर अगदी बरोबर होतं. पण हेमावतीबाईंचा पडलेला चेहरा पाहून मी म्हणालो, "चुकलीस, बाळ." ती चाकू पुन्हा पुन्हा उघडून पाहत राहिली, आणि मला तिच्याकडे बघवेना.

मुलं पांगल्यावर हेमावतीबाई हळूच म्हणाल्या, "बरोबर होती की पोरगी. हे गेल्यावर लेकाजवळ बापाचं कायतरी असावं म्हणून हा मीच गड्ड्याच्या जत्रेतून आणला होता."