दोघींची चाल

घोडी पुन्हा डाव्या पायावर लचकली आणि स्पर्धेआधी तिला तपासायला आलेल्या, रिंगणाच्या कठड्याशी उभ्या असलेल्या डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली.

"आणखी एक फेरी!" उस्ताद ओरडले.

पाठीवरच्या पोरीने लगाम सावरला. तबेल्यात या दोघींवरून रोज एक तरी विनोद व्हायचा. सकाळी पोटात काही गेल्याशिवाय दोघींना हाक मारायची सोय नाही, मागून कुणी आलेलं दोघींना खपत नाही. यातली घोडी कुठली ते शेपटीवरून ओळखायचं, असं उस्तादच म्हणायचे. आज त्यांनाही विनोद सुचत नव्हता.

फेरी झाली. डॉक्टरांनी खूर ठोकून पाहिला, सांधा दाबला. "सूज नाही, पाय गरमही लागत नाही. तरी लंगडतेय, म्हणजे दुखणं आत आहे. खरं सांगू? हिच्यावर आता कुणी बसूच नये."

"मग काढूनच टाकावी लागेल." उस्ताद म्हणाले. "आणि लंगडी घोडी कोण विकत घेतं, ते तुम्हाला सांगायला नको."

पोरगी खाली उतरली. एरवी ती उतरली की घोडीच्या मानेवर हात टाकून, तिला रेलूनच चालायची. सगळ्यांना ते लाड वाटायचे. आज तिने हात काढून घेतला, लगाम लांब सोडला आणि रिंगणात चालायला लागली.

एक पाऊल सरळ, दुसरं लचकत. डावा पाय. मागून घोडी येत होती, अगदी सरळ.

"अरे देवा! पोरी, कधीपासून?"

"त्या दिवशी पडले ना, तेव्हापासून. गुडघा गेलाय, उस्ताद. मी कलून बसते आणि ही बिचारी मला सांभाळत चालते. सांगितलं असतं तर तुम्ही मला उतरवलं असतं."

"उतरवलंच असतं!"

डॉक्टरांना हसू फुटलं. मग पोरीचा चेहरा बघून त्यांनी ते आवरलं. "घोडी पास," एवढंच म्हणाले.

स्पर्धेत आता दुसरी कुणीतरी बसणार होती. तबेल्यातलीच ती मुलगी कठड्यापलीकडे उभी होती. पोरीने रडत रडतच तिच्या हातात लगाम दिला.

"सरळ बस हं," ती म्हणाली. "हिला वाटू दे, मी बरी झाले."