हिला मात्र द्या

"बायकोवर हात उचलणारा आणि ते झाकणारा, दोघांनाही देवापुढे जाब द्यावा लागेल," चर्चमध्ये उपदेश करताना पाळकसाहेब म्हणाले, आणि मी मागे वळून पाहिलं, हे कुणाच्या घरचं बोलताहेत म्हणून. शेजारी सून बसली होती. तिच्या दंडावरचे वळ दिसू नयेत म्हणून लांब बाह्यांचा ब्लाऊज मीच शिवून दिला होता.

प्रभुभोजनाची, येशूच्या आठवणीत भाकर घ्यायची वेळ झाली. मनात पाप असेल त्यानं भाकर घेऊ नये, अशी आमच्या मंडळीची रीत. माझा लेक ऐटीत पुढे जाऊन गुडघे टेकून बसला. सून जागची हलली नाही.

"चल की गं," मी कुजबुजले.

"नको, आई. माझ्या मनात ह्यांच्याविषयी राग आहे. मला पाप लागेल."

तिनं मार खाल्ला की मीच समजवायचे, राग धरू नकोस, पाप लागतं. पोरीनं ते मनावर घेतलं होतं. मला मान वर करवेना.

भाकरीचं तबक लेकापर्यंत पोचलं. त्यानं हात पुढे केला, तशी मी सगळ्यांदेखत उठले.

"साहेब, तो हिला मारतो. त्याला देऊ नका, मलाही नको. हिला मात्र जागेवर आणून द्या."