दोन झटके

अंदमानात बुडालेल्या जहाजांवर उतरलेल्या, शार्कच्या शेजारून पोहून आलेल्या चारुलताला धरणाखाली गेलेल्या मणिबेलीच्या पाण्यात मात्र कमरेला दोर बांधून उतरावं लागलं. वर नावेत दोर धरून बसलेल्या तिच्या वडिलांचा, हेमकांतआप्पांचा, हट्टच तसा. शेतातल्या विहिरीचा गाळ काढताना माणूस दोराशिवाय खाली सोडत नाहीत, मग इथं कसा सोडायचा? एक झटका म्हणजे ठीक, दोन म्हणजे वर.

बुडालेल्या गावातल्या चिंचेच्या खोडापाशी ती पोचली आणि दोराला दोन झटके बसले. आप्पा घाबरले असतील, म्हणून तिनं एक झटका देऊन ‘ठीक’ कळवलं. पुन्हा दोन बसले, आधीपेक्षा जोरात. शेवटी ती चिडूनच वर आली.

नावेत चढताच मास्क ओढून काढत ती तणतणली, "आप्पा, दोर काब्रं वढी ऱ्हायंतात?"

"मी दोर वढाच नही." आप्पांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "तूच वढी ऱ्हायंती. मी वर खेचाले गऊ, ते तो हालनाच नही."

दोराचं एक टोक अजून तिच्या कमरेला होतं, दुसरं आप्पांच्या मुठीत. मधला दोर तेवढा पाण्यात लोंबत होता.

त्याला दोन झटके बसले. तिच्या कमरेलाही, आप्पांच्या हातालाही.

"गाठ सोडी दे, चारु!"

"काब्रं सोडू?" तिनं नावेच्या कडेला पाय रोवले, दोर दोन्ही हातांनी धरला आणि पाण्याकडे बघून ओरडली, "मी खाले जाई वनू. आते तू वर ये!"

तिनं कचकचून दोन झटके दिले.

खालून एकच झटका आला, आणि दोर सैल पडला.