तलवारीवरचा वाघ

काचेपलीकडच्या विलायती तलवारीवर वाघ दिसला आणि सगुणा थबकली. पात्यावर कोरलेला तसाच पळता वाघ निपाणीच्या घरी देव्हाऱ्यात होता. वाडवडिलांच्या तलवारीवरच्या त्या वाघाला सासू दर खंडेनवमीला देवीचं वाहन म्हणून कुंकू लावायची. इथं संस्थानच्या अजबखान्यात तर तसल्या वाघांची रांगच होती. नवऱ्यानं खालची चिठ्ठी वाचली आणि त्याचा चेहरा उतरला. “वाघ न्हवं गं, लांडगा. जर्मनीच्या लोहारांचा ठसा. आईला सांगू नगंस, हाय खाईल.” पण इतक्या लांबचा लांडगा आपल्या घरी आला कसा, हे कोडं सगुणाला गप्प बसू देईना. घरी पोचताच तिनं सासूला सगळं सांगून टाकलं. म्हातारी बराच वेळ पात्यावरून बोट फिरवत राहिली. “लांडगा तर लांडगा,” ती शेवटी म्हणाली, “एवढे भाऊबंद भेटले त्याचे, अन् कुंकू न लावताच आलीस व्हय?”